पाचशे किलोबिटचा दादा

आमचा दिगंबरदादा वारल्यावर अकराव्या दिवशी चहाच्या वेळेला घरी परत आला, पण तो पाचशे किलोबिटमध्ये आल्यामुळे आईने त्याला ओळखलं नाही.

परत आला यात विशेष काही नव्हतं. आमच्या तालुक्यात मेलेली माणसं परत येतात. त्यासाठी एसटी स्टँडच्या मागे साठवण कार्यालय आहे. प्रत्येक मयताला तिथे चार जीबी जागा मिळते. चेअरमन असो की टेंपोवाला, चारच जीबी. जिवंतपणी जी समानता कुणाला जमली नाही ती मेल्यावर जमवून दाखवली आहे, त्याबद्दल कार्यालयाच्या भिंतीवर अभिनंदनाचा फलकही आहे.

त्या जागेत माणूस कसा बसवायचा हे मात्र घरच्यांनी ठरवायचं. दर सेकंदाला माणसाच्या वाट्याला किती माहिती येणार, त्याला बिटरेट म्हणतात. जास्त दिली की माणूस स्पष्ट येतो आणि जागा लवकर संपते. कमी दिली की खूप पुरतो, पण चौकोन चौकोन येतो. मी आठवीत शाळा सोडली, तरी हे मला एका बैठकीत समजलं. घरात मयत झालं की गणित आपोआप येतं.

वरच्या आळीतल्या देशमुखांनी त्यांच्या आजोबांना सगळ्यात वरचा दर लावला होता. आजोबा आले, कानातला केसन् केस दिसत होता, आणि पान लावून होईपर्यंत संपले. पान हातात राहिलं. उलट शिंप्याच्या आक्कांनी नवऱ्याला सगळ्यात खालचा दर घेतला. ते अजून येतात. ओसरीवर करड्या रंगाचं काहीतरी हलतं आणि आक्का त्याच्याशी बोलत बसतात. मागे एकदा ते आलेच नव्हते, नुसता पडदा हलत होता. आक्कांनी त्याला चहा दिला.

दादाचा दर आईने ठरवायला हवा होता. पण दहाव्याला नदीवर भावकी जमते, आणि भावकी जमली की आईला बोलायला कुणी ठेवत नाही. आमचे वडील मी लहान असतानाच गेले. त्या वेळी हे कार्यालय नव्हतं, त्यामुळे ते गेले ते गेलेच. त्यांचे थोरले भाऊ खंडूतात्या आमच्या वतीने सगळं ठरवतात. आम्ही त्यांना ते काम कधी दिलं हे आठवत नाही.

"आपल्या भावकीत मयत वर्षश्राद्धापर्यंत पुरलाच पायजे," तात्या म्हणाले. "मधेच संपला तर लोक म्हणत्यात, घरच्यांनी उधळला. रोज चहापुरता येऊ दे, वर्षभर येऊ दे. पाचशे किलोबिट बास झालं."

"पाचशेत दिसेल का तो?" मी विचारलं.

"न दिसायला काय झालं? सहा फूट पोरगा. आणि फोर-के घ्या."

"त्यानं काय होतं?"

"मान राहतो," तात्या म्हणाले, आणि कावळा शिवल्यामुळे सगळे उठले.

पुढे कार्यालयाने नमुना मागितला. माणूस किती हलतो हे बघून ते त्याची साठवण ठरवतात. माझ्या मोबाईलमध्ये दादाचे पुष्कळ व्हिडिओ होते. दादा आमच्या गावच्या लेझीम पथकाचा म्होरक्या. प्रत्येक व्हिडिओत तो उडतोय, वाकतोय, बसून उठतोय, आणि वरून गुलाल पडतोय. तात्यांनी ते बघितले आणि तोंड वाकडं केलं. "सरकारी कचेरीत हे दाखवायचं? नुसती धूळ आणि उड्या." त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधला व्हिडिओ दिला. पथकाचा पहिला नंबर आला तेव्हा सोसायटीने दादाचा सत्कार केला होता, त्याचा. त्यात दादा फेटा बांधून खुर्चीत बसलाय आणि भाषणं चाललीत. दादा अजिबात हलत नाही.

तो हलत नव्हता, कारण शेजारी तात्या बसले होते आणि पूर्ण वेळ त्यांनी त्याचा गुडघा हाताने दाबून धरला होता. दादाला बसल्या बसल्या पाय हलवायची सवय. जेवताना, टेंपोत, न्हाव्याकडे, कुठेही बसला की उजवा पाय सुरू. तात्यांच्या मते पाय हलवला की घरातली लक्ष्मी निघून जाते. आमच्या घरी ती अजून यायची होती, पण तात्या आधीपासून काळजी घेत होते.

कार्यालयाने व्हिडिओ बघून शेरा दिला, स्वभाव स्थिर, पाचशे पुरेत.

तर अकराव्याला दादा आला. दारात एक उंच, कापलेल्या बर्फीसारखं काहीतरी उभं राहिलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कोण पायजे?"

"आई, मी."

"मी कोण?"

"आता काय आधार कार्ड दाखवू? दिगू."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं. तो आत येऊन कॉटवर बसला होता आणि उजव्या गुडघ्याखालचे चौकोन उकळत्या भातासारखे वरखाली होत होते. "दादाच आहे," मी म्हणालो.

त्याचा सगळा बिटरेट त्या पायाला लागला होता. तोंडाला काही उरलं नव्हतं. जिथे तोंड असायला हवं तिथे गव्हाळ रंगाचे सात-आठ ठोकळे होते, आणि तो हसला की त्यातला एक पांढरा व्हायचा. फोर-केमुळे ठोकळे भरपूर मोठे होते. मान राहिला.

"सुद्या, तोंडाकडं बघून बोल की."

"कुठंय ते सांग, बघतो."

"लई शहाणा झालास." त्याने मला टपली मारायला हात उचलला, पण हात माझ्यापर्यंत येईस्तोवर पालापाचोळा झाला. मग त्याने तो खाली घेतला. हात खाली आला, पण त्याचा एक तुकडा मागे कपाटावर तसाच चिकटून राहिला. आईने फडकं घेतलं आणि कपाट पुसलं. तुकडा गेला नाही. तिने फडकं ओलं करून पुन्हा पुसलं. थोड्या वेळाने तो आपोआप गेला. तोपर्यंत दादाही गेला होता. कपात अर्धा चहा होता.

आई कप धरून बसली. मग म्हणाली, "चहापुरता येणार असंल तर त्याला जेवू कधी घालू?"

दादा गेला त्या दिवशी सकाळी टेंपो घेऊन निघताना तिला म्हणाला होता, झाकून ठेव, आल्यावर जेवतो. ताट दोन दिवस झाकलेलं होतं. उघडायचं कुणी, यावर घरात बोलणं झालं नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात गेलो. तात्याही आले. मी काहीतरी बोलून बसेन अशी त्यांना भीती होती, आणि ती बरोबर होती. खिडकीवर बाबर मॅडम होत्या. त्या डबा खात होत्या. मी काचेवर हात आपटला.

"माझ्या भावाचं तोंड कुठंय?"

मॅडमनी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं, हात पुसले. "मयताचं नाव?"

"दिगंबर. काल आलाय. नुसते ठोकळे आलेत."

त्यांनी संगणकावर बघितलं. "पाचशे किलोबिट, फोर-के. बरोबर आलेत."

"फोर-के म्हणजे चांगलं ना?" तात्या म्हणाले.

"काका, फोर-के म्हणजे चित्राचा आकार. मोठा माणूस मागितलात, मोठा दिला. पण दर तेवढाच ठेवलात. मूठभर पीठ आणि भाकरी सुपाएवढी थापायची म्हटल्यावर भोकं पडणारच. लहान आकारात घेतला असता तर थोडा बरा आला असता."

"लहान म्हणजे केवढा?"

"एवढा." त्यांनी टेबलापासून वीतभर वर हात धरला. भावकीत वीतभर पुतण्या चालला नसता.

"मग दर वाढवून द्या," मी म्हणालो. "सोळा पट करा. आठ हजार करा."

"आत्ता घरी दिलाय त्यालाच वाढवू?"

"हो."

"वाढवते. जागा सोळा पट लागेल. तोंड येणार नाही."

"का?"

"साठवताना जे टाकून दिलं ते गेलं. आता त्या ठोकळ्यांना कितीही दर द्या, ठोकळेच नीट दिसतील. ठोकळ्याच्या कडा एकदम स्वच्छ येतील." हे त्यांनी खरोखर सुविधेसारखं सांगितलं.

मी दुसऱ्यांदा काचेवर हात आपटणार होतो, पण त्याआधी त्या म्हणाल्या, "मूळ प्रत आहे आमच्याकडे. तेराव्याच्या संध्याकाळपर्यंत ठेवतो, मग पुसतो. त्यावरून नवीन दराने काढता येईल. पण जागा चार जीबीच. पाचशेने वर्षभर रोज चहापुरता पुरतो. आठ हजाराने काढला तर सगळा मिळून तासाभराचा होईल. थोडा जास्त, थोडा कमी."

"मधलं काही नाही?"

"मधलं आहे. मधलं दिसतं आणि मधलं पुरतं."

"मॅडम," तात्या मऊ आवाजात म्हणाले, "ते बदलता दर म्हणून असतंय म्हणे. आमच्या व्याह्यांनी घेतलंय. माणूस गप असला की कमी खातो, हलला की जास्त खातो."

"ते आहे. तुमचे व्याही कोण?"

"मास्तर होते. दिवसभर पेपर वाचायचे."

"त्यांना परवडतं. जो माणूस हलत नाही त्याचं आम्ही परत परत साठवत नाही, आधीचंच चित्र पुढे चालू ठेवतो. वाचलेलं मग उपयोगी पडतं. तुमचा मयत कधी गप्प बसतो?"

मी आणि तात्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

"झोपल्यावर?" तात्या म्हणाले.

"झोपेतपण पाय हलवतो," मी म्हणालो. आम्ही एका अंथरुणावर वाढलो. मला माहीत आहे.

"मग वाचणार काय आणि खर्चणार काय? एक करा. आज आला की त्याला पाय हलवू नको म्हणावं. अजिबात हलू नको म्हणावं. पाचशेतसुद्धा स्पष्ट दिसेल. बघा पटतंय का. पटलं तर वर्षभर तसाच बसवा." त्यांनी डबा उघडला.

घरी येताना तात्या खूश होते. फुकटात काम झालं होतं. ते थेट आमच्याकडेच आले आणि कॉटजवळ खुर्ची ओढून बसले. चहाच्या वेळेला दारात ठोकळे उभे राहिले, आत आले, कॉटवर बसले. पाय सुरू झाला.

"दिगू, पाय थांबीव," तात्या म्हणाले.

"मेल्यावर पण?"

"आईला तुझं तोंड बघायचंय. हलू नको. बोलू बी नको."

दादाच्या ठोकळ्यांची मान आईकडे वळली. मग त्याने पाय थांबवला. त्याने स्वतःहून पाय थांबवलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. आधी भिंत स्वच्छ झाली. मग त्याच्या शर्टाच्या चौकटी आल्या. बोटं आली, एकेक सुटी झाली. शेवटी तोंड आलं. नाक, कपाळ, भुवईतली ती खोक. हनुवटीवरचे दाढीचे खुंट मोजता आले असते. डोळे उघडे होते आणि त्याने मिचकावले नाहीत, कारण सांगितलं होतं हलू नको.

"बघा," तात्या म्हणाले. "एक नंबर. किती छान दिसतोय. वर्षभर असाच."

आई पुढे वाकून बघत होती. मीही बघत होतो. असा तो आम्ही एकदाच बघितला होता, अंगणात, दवाखान्याच्या गाडीतून उतरवून चटईवर ठेवला तेव्हा. तेव्हाही असाच स्पष्ट होता. तेव्हाही लोक म्हणाले होते की झोपल्यासारखा दिसतोय. त्यांनी त्याला झोपलेला कधी बघितलाच नव्हता.

"दिगू," आई म्हणाली.

तो हलला नाही. शहाण्यासारखा बसला.

"दिगू, हल. हल रे. हल की मेल्या!"

दादा एकदम घाबरून उठला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. तोंड गेलं, हात गेले, सगळ्या खोलीभर चौकोन उडाले. "काय झालं, काय झालं?" असा आवाज त्यातून आला. आई रडता रडता हसायला लागली. तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "घालवलं सगळं."

तेराव्याच्या सकाळी आई स्वतः कार्यालयात गेली. मला बरोबर घेतलं, पण बोलू दिलं नाही. तात्यांना कळवलंच नाही. भावकीचं जेवण संध्याकाळी होतं आणि तात्या आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते सांगायला गेले होते.

"आठ हजारानं काढा," आई म्हणाली. "आकार रोजचा. जेवढा होता तेवढाच. सलग द्या, तुकडे नकोत."

बाबर मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "मावशी, मूळ प्रत मग पुसली जाते. एकदाच होईल."

"एकदाच जेवायचा राहिलाय तो."

मॅडमनी संगणकावर दर बदलला. फक्त म्हणाल्या, "आधी स्वयंपाक करून ठेवा. तो आल्यावर चूल पेटवाल तर जागा त्यातच जाईल."

दादा दुपारी आला. मी दारातच उभा होतो. चपला काढताना त्याने एका पायाने दुसऱ्या पायाची टाच दाबली, तेव्हा टाचेच्या भेगा दिसल्या. जॅक पडून काळं झालेलं नख दिसलं. तो आत आला, घामाचा ओघळ कानामागून गळ्यात गेला आणि तो कुठेही तुटला नाही.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

ताट वाढलेलंच होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भरलं वांगं, कांदा. त्याने कांदा बुक्कीने फोडला. पाय सुरू झाला. पाचही बोटं वेगवेगळी हलताना दिसत होती. आई बघत होती. आयुष्यभर ती त्याला पाय थांबव म्हणाली असेल. त्या दिवशी नाही म्हणाली.

मी समोर बसलो होतो. मी ठरवलं होतं की विचारायचं. रात्रभर गाडी चालवून परत सकाळी का निघालास, मी येतो म्हणालो तर झोप म्हणून का सांगितलंस. पाठ करून ठेवलं होतं. दादाने घास तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझा निळा शर्ट आहे ना तो?"

"हो."

"विचारायचं तरी घालायच्या आधी."

"कुणाला?"

तो घास चावायचा थांबला. मग मान हलवली. "हां. तेबी खरंय." पुढचा घास घेतला. "खांद्यात मोठा होतोय तुला."

"भरेन मी."

"भरशील. हरभरे खात जा. बटन तुटलंय बघ खालचं."

"तूच तोडलंय."

"मी कशाला तोडू? मुद्दाम?"

"पंचमीला. ओढाओढीत."

"ते तू ओढलं म्हणून."

"जेवताना भांडू नका रे," आई म्हणाली, आणि तिने असं म्हटल्यावर आम्ही दोघंही नेहमीसारखे तिच्याकडे तक्रार करायला वळलो. मला काय विचारायचं होतं ते मी विसरून गेलो. नंतर आठवलं, पण नंतर पुष्कळच गोष्टी आठवतात.

त्याने दुसरी भाकरी घेतली, तिसरी घेतली. वांगं संपवलं. खर्डा मागितला आणि तिखट लागल्यावर सू सू करत हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होतात आणि डावीकडे एक सुरकुती पडते, ती पडली. ती सुरकुती सेकंदाला किती किलोबिट खाते मला माहीत नाही, पण कार्यालयाने तिला पुरेसं दिलं होतं. तक्रार नाही.

मग त्याने आमटीची वाटी तोंडाला लावून संपवली, खाली ठेवली, मनगटाने मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आई, अजून अर्धी भा"

आईने अर्धी भाकरी मोडून हातात धरली होती. तिने ती ताटात ठेवली. मग ती उठून संध्याकाळच्या पंगतीची भांडी काढायला लागली. मी उरलेली अर्धी भाकरी खाल्ली. गरम होती.

दिवे लागायच्या सुमाराला भावकी आली. तात्या नवीन टोपी घालून आले, कॉटजवळची खुर्ची ओढून बसले आणि दाराकडे बघायला लागले. चहाची वेळ होऊन गेली तरी दारात काही उभं राहिलं नाही.

"आज उशीर का?" त्यांनी विचारलं. "दिगू कुठाय?"

"जेवून गेला," आई म्हणाली.

तात्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते उभे राहिले. त्यांनी भावकीकडे बघितलं, भावकीने त्यांच्याकडे बघितलं. "वर्षभर पुरला असता," ते म्हणाले. "वर्षभर! लोकांना काय सांगायचं?"

"पोटभर जेवला म्हणून सांगा," आई म्हणाली. "तुम्हाला वाढू का?"

तात्या बसले. पंगत पडली. त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि मीठ बरोबर पडलंय असं सगळ्यांना सांगितलं.